साबणाची वडी की शॉवर जेल? निवड त्वचेची आणि विवेकाचीही

दिवाळीच्या सुमारास परदेशी राहणारे नातलग घरी येतात, तेव्हा त्यांच्या बॅगेतून चॉकलेट आणि अत्तराबरोबर सुगंधी साबणांचा एखादा नक्षीदार डबाही निघतो. तो कौतुकाने न्हाणीघरात ठेवला जातो. काही दिवसांनी घरातील शाळकरी नात सहज म्हणून डब्यावरील बारीक अक्षरे वाचू लागते आणि एका शब्दापाशी अडखळते. "आजी, सोडियम टॅलोएट म्हणजे काय गं?" आजीला ते ठाऊक नसते. नात मोबाईलवर शोधते आणि उत्तर वाचून गप्प होते. टॅलो म्हणजे गुरे, मेंढ्या यांच्यासारख्या प्राण्यांची वितळवलेली चरबी. जी आजी पाणी गाळल्याखेरीज वापरत नाही आणि सूर्यास्तानंतर अन्नाला स्पर्श करत नाही, तिच्या अंगाला आठवडाभर काय लागत होते, हे तिला सांगावे तरी कसे, असा प्रश्न त्या मुलीपुढे उभा राहतो.

असा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. त्याच न्हाणीघरात सूनबाईंसाठी आणलेली शॉवर जेलची रंगीत बाटली असते, दुकानातून थकून येणाऱ्या मुलाचा 'जंतुनाशक' साबण असतो आणि थंडी सुरू होताच पोटऱ्या खाजवू लागणारे आजोबाही घरात असतात. वडी चांगली की बाटली, यावर प्रत्येकाचे मत निराळे असते. त्या मताला आधार मात्र बहुधा जाहिरातीचा असतो. वस्तुतः या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. ते चार गोष्टींवर ठरते: आपली त्वचा कशी आहे, घरी पाणी कोणते येते, वस्तूत नेमके काय घातले आहे आणि तिच्यावर किती खर्च होतो.

त्वचा: शरीराची तटबंदी

त्वचेचा सर्वांत वरचा थर अतिशय पातळ असतो. परंतु शरीराचे रक्षण प्रामुख्याने तोच करतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. मृत, चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा चुना. हा चुना शाबूत असेल तर आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरचे जंतू, धूळ व रसायने बाहेर राहतात. तो झिजला की भिंतीला भेगा पडतात. त्वचा ओढल्यासारखी वाटते, पांढरी पडते, खाजते आणि पुढे चिरते.

या थराचा आणखी एक गुण म्हणजे त्याची सौम्य आम्लता. निरोगी प्रौढ त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारणतः ४.५ ते ५.५ असतो. पीएचच्या मापात ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर अल्कधर्मी. ही आम्लता अपायकारक जंतूंना सहज थारा देत नाही आणि स्निग्ध थराची डागडुजी करणाऱ्या क्रियांनाही तीच मानवते. स्नानासाठी जे काही वापरायचे, त्याने मळ न्यावा पण भिंतीतील चुना नेऊ नये, एवढीच त्वचेची अपेक्षा असते.

वडीच्या पोटात काय असते?

खरा साबण हा तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून होतो. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. तिच्यातून साबण आणि ग्लिसरीन असे दोन पदार्थ निघतात. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. म्हणूनच ते मौल्यवान असते आणि मोठ्या कारखान्यांत पुष्कळदा वेगळे काढून विकले जाते. छोट्या प्रमाणावर, उष्णता न देता केलेल्या साबणात ते वडीतच राहते.

साबण स्वभावतःच अल्कधर्मी असतो. त्याचा पीएच बहुधा ९ ते १० च्या आसपास भरतो. अशा साबणाने अंग धुतले की त्वचेची आम्लता काही काळ ढळते. निरोगी, तरुण त्वचा काही तासांत ती पूर्ववत करते, म्हणून पिढ्यान्पिढ्या वडीने स्नान करणाऱ्यांचे काही बिघडले नाही. मात्र वार्धक्यात, इसबाच्या विकारात किंवा दिवसातून अनेकदा साबण वापरणाऱ्यांच्या बाबतीत ही डागडुजी अपुरी पडते.

वेष्टनावर छापलेला 'टीएफएम' हा आकडा अनेकांनी पाहिला असेल. वडीत एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण किती, हे तो सांगतो. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ७० टक्के आणि तिसऱ्या श्रेणीत ६० टक्के असावे लागते. यापेक्षा कमी प्रमाण असलेल्या वड्या 'बेदिंग बार' या नावाने विकल्या जातात. टीएफएम जास्त म्हणजे भरताड कमी आणि वडी लवकर न विरघळणारी, एवढे खात्रीने म्हणता येते. पण जास्त टीएफएम म्हणजे अधिक सौम्य, असा अर्थ काढणे बरोबर नाही. कारण वडीच्या रूपात असूनही साबण नसलेला एक प्रकार बाजारात आहे. त्याला 'सिंडेट' म्हणतात. त्यात सोडियम कोकॉइल आयसेथिओनेटसारखी सौम्य क्षालक द्रव्ये असतात आणि त्याचा पीएच त्वचेच्या जवळ ठेवता येतो. त्वचारोगतज्ज्ञ कोरड्या त्वचेच्या रुग्णांना बहुधा अशीच वडी सुचवतात. तिचा टीएफएम कमी दिसतो, तरीही ती त्वचेला अधिक मानवते.

बाटलीच्या पोटात काय असते?

शॉवर जेल किंवा बॉडी वॉश यांतील सर्वांत मोठा हिस्सा पाण्याचा असतो. त्यात मळ सोडवणारी क्षालक द्रव्ये, दाटपणा आणणारे पदार्थ, सुगंध, रंग आणि परिरक्षक घातलेले असतात. व्यापारी दृष्टीला मौजेची वाटावी अशी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. अनेक जेलांचा तो दाट, 'पौष्टिक' भासणारा पोत साध्या मिठाने आणलेला असतो. दाटपणावरून गुणवत्ता जोखणे म्हणूनच फसवे ठरते.

जेलची जमेची बाजू अशी की त्याचा पीएच उत्पादकाला त्वचेच्या जवळ आणता येतो आणि त्यात ग्लिसरीन किंवा तेले मिसळता येतात. उणी बाजू अशी की प्रत्येक जेल सौम्य असतेच असे नाही. सोडियम लॉरिल सल्फेट हे द्रव्य भरपूर फेस देते, परंतु त्वचेला खुपते. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य, तर कोकामिडोप्रोपिल बिटेन किंवा डेसिल ग्लुकोसाइड यांची जोड असलेली मिश्रणे आणखी सौम्य असतात. बाटलीवर 'पोटॅशियम कोकोएट' असे आढळल्यास तो जेलच्या वेषातील द्रव साबणच समजावा. तोही वडीसारखाच अल्कधर्मी असतो.

पाणी असले की त्यात जंतू वाढू नयेत म्हणून परिरक्षक आलेच. त्यांपैकी मिथिलआयसोथायाझोलिनोन या द्रव्याची अनेकांना ॲलर्जी होते. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञसंस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षातील ॲलर्जीकारक' म्हणून जाहीर केले होते. सुगंधी द्रव्यांनीही अनेकांना पुरळ येते; हा दोष मात्र वडी आणि बाटली या दोहोंत सारखाच संभवतो. ज्यांची त्वचा हळवी आहे, त्यांनी सुगंधरहित वस्तू निवडावी. नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतील बाजूस काही दिवस लावून पाहावी आणि मगच सर्वांगाला वापरावी.

जड पाण्याचा गुंता

पुष्कळदा दोष साबणाला दिला जातो आणि खरा अपराधी नळातून किंवा बोअरमधून येत असतो. ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात, ते जड पाणी. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील कित्येक विहिरी व कूपनलिकांचे पाणी असे असते. बादलीच्या कडेला पांढरी पुटे धरणे, गिझरमध्ये खडा जमणे, डाळ लवकर न शिजणे आणि साबणाला फेस न येणे या त्याच्या ओळखीच्या खुणा.

जड पाण्यात खरा साबण त्या क्षारांशी संयोग पावतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीला चिकटणारा तोच साका अंगालाही चिकटतो. फेस येत नाही म्हणून माणूस आणखी साबण चोळतो, साका आणखी वाढतो आणि त्वचा अधिक कोरडी होते. अशा गावी सिंडेट वडी किंवा सौम्य जेल यांचा लाभ स्पष्ट दिसतो, कारण त्यांतील क्षालक द्रव्यांचा असा साका होत नाही. उलट जेथे धरणाचे हलके पाणी येते, तेथे चांगली साधी वडी पुरेशी असते. शहरातून गावी जाताच अंग खाजू लागते आणि परतल्यावर थांबते, असा अनुभव ज्यांना येतो, त्यांनी साबण बदलण्याआधी पाण्याचा विचार करावा.

घरात कोणाला काय मानवेल?

एकच वडी साऱ्या कुटुंबाने वापरावी ही जुनी रीत काटकसरीची होती. परंतु घरातील प्रत्येकाची त्वचा सारखी नसते.

*तान्हे बाळ:* जन्मानंतरचे पहिले स्नान २४ तासांनी घालावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पुढेही बाळाच्या अंगाला कोमट पाणी पुरते. साबण लावायचाच तर थोडा, सौम्य आणि सुगंधरहित असावा. डाळीच्या पिठाने बाळाचे अंग जोराने चोळण्याचा मोह टाळावा. त्याने कोवळी त्वचा खरचटते.

*वृद्ध:* वयाबरोबर त्वचेतील तेल कमी होते. थंडीत कढत पाणी आणि कडक साबण एकत्र आले की पोटऱ्या व पाठ खाजू लागतात. त्यांच्यासाठी सिंडेट वडी किंवा सौम्य जेल हितावह. मधुमेह असल्यास पावले धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे अत्यंत महत्त्वाचे. तेथील लहानशी भेगही महागात पडते. जेल सांडून फरशी निसरडी होते, ही बाबही वृद्धांच्या घरात लक्षात ठेवावी.

*तरुण, तेलकट त्वचेचे:* त्यांना साधी वडी सहसा बाधत नाही. मात्र मुरुमे आहेत म्हणून दिवसातून चार-पाच वेळा चेहरा साबणाने धुणे लाभाचे नाही. सौम्य द्रव्याने दोनदा धुणे पुरेसे.

*स्वयंपाकघर आणि दुकान सांभाळणारे:* भांड्यांचा साबण, मिरची-हळदीचे पोते, धान्याची धूळ, कापडाची खळ यांच्याशी हात सतत झुंजत असतात. हातांवरील इसब अनेकदा याच मार्गाने येते. भांडी घासताना हातमोजे वापरणे, हात धुण्यासाठी सौम्य द्रव्य ठेवणे आणि हात ओले असतानाच खोबरेल तेल किंवा मलम लावणे, हे तीन नियम औषधाइतके उपयुक्त ठरतात.

*ज्यांना नायटा किंवा खरूज झाली आहे:* यांचा उपाय कोणत्याही साबणात नाही. दुकानातून मिळणारी स्टिरॉइडमिश्रित मलमे नायट्याला वरवर दाबतात आणि आतून बळावू देतात. अशा वेळी टॉवेल व कपडे वेगळे ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

जंतूंचे भय

सर्वांनी हाताळलेली वडी म्हणजे जंतूंचे घर, असे सांगून बाटल्या विकल्या जातात. ओल्या वडीवर जंतू आढळतात हे खरे आहे. परंतु १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वड्यांवर मुद्दाम जंतू सोडून त्यांनी १६ जणांना हात धुवायला लावले, तेव्हा धुतल्यानंतर कोणाच्याही हातांवर ते जंतू मोजण्याइतके आढळले नाहीत. पाण्याबरोबर ते वाहून जातात. अट एवढीच की साबणदाणीला भोके असावीत आणि वडी पाण्यात लडबडत राहू नये. उलट जेलबरोबर वापरली जाणारी प्लास्टिकची जाळी किंवा घोसाळ्याची वाळकी घासणी दिवसरात्र ओली राहिली, तर जंतूंना तेच सोयीचे घर होते. ती पिळून, उन्हात वाळवून ठेवावी आणि वरचेवर बदलावी.

'जंतुनाशक' या शब्दाचाही मोह धरू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसॅनसह १९ द्रव्यांना घरगुती जंतुनाशक साबणांतून वर्ज्य केले. ती साध्या साबण-पाण्यापेक्षा अधिक गुणकारी व दीर्घकाळ वापरण्यास निर्धोक आहेत, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नव्हते. निरोगी कुटुंबाला रोजच्या स्नानासाठी साधे द्रव्यच पुरते.

वेष्टन वाचण्याची सवय

आता त्या नातीच्या प्रश्नाकडे वळावे. प्राणिज चरबी टाळून वनस्पती तेलांपासून साबण करण्याची परंपरा भारतात जुनी आहे. १९१८ च्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी चरबीविरहित साबण बाजारात आणला, तेव्हा त्यामागे या देशातील ग्राहकाच्या भावनेची जाणीव होती. आज खोबरेल व पाम तेलाच्या वड्या सर्वत्र मिळतात. तरीही निश्चिंत होण्याआधी वेष्टन वाचणे उचित.

'सोडियम पामेट', 'सोडियम पाम कर्नलेट', 'सोडियम कोकोएट' ही नावे वनस्पती तेलांची आहेत. 'सोडियम टॅलोएट' किंवा 'टॅलो' म्हणजे चरबी. 'स्टिअरिक ॲसिड', 'ग्लिसरीन' आणि 'ग्लायकॉल डायस्टिअरेट' ही द्रव्ये वनस्पतिज किंवा प्राणिज दोन्ही असू शकतात. मोत्यासारखी झाक असलेल्या जेलमध्ये शेवटचे द्रव्य हमखास आढळते. 'कार्माइन' किंवा 'सीआय ७५४७०' हा गुलाबी-लाल रंग कोचिनील नावाच्या कीटकांना वाळवून, चिरडून काढला जातो. 'लॅनोलिन' मेंढीच्या लोकरीतून, 'सिल्क प्रोटीन' रेशीमकिड्यांपासून येते. 'कोलॅजेन' व 'केराटिन' बहुधा प्राण्यांच्या कातडी, हाडे, शिंगे, पिसे यांपासून मिळतात. मध आणि मेण यांचे मूळ सांगायला नकोच. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी: केवळ वडी दोषी आणि बाटली निर्दोष, असे येथेही नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक साबणांवर व जेलांवर हिरवा ठिपका असतो, तो शोधावा. परदेशातून भेट म्हणून आलेल्या वस्तूंवर तो सहसा नसतो, म्हणून त्या विशेष लक्षपूर्वक वाचाव्यात. शंका असल्यास वेष्टनावरील ग्राहकसेवेच्या पत्त्यावर द्रव्याचे मूळ विचारावे. प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारतात २०१४ पासून बंदी आहे आणि त्याच वर्षी अशा चाचण्या झालेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी आली. पाम तेलासाठी इंडोनेशिया व मलेशियात जंगले तुटली आहेत, हेही विसरता येत नाही. हिंसेचा पूर्ण अभाव बाजारात सापडत नाही. तिची मात्रा कमी करणे मात्र ग्राहकाच्या हाती असते.

ज्यांच्या दुकानात हा माल विकला जातो, त्यांच्यावर तर याची दुहेरी जबाबदारी येते. "हा शाकाहारी आहे ना?" असे गिऱ्हाइकाने विचारल्यावर वेष्टन पाहून खरे उत्तर देणारा दुकानदार जी साख मिळवतो, ती कोणत्याही सवलतीने मिळत नाही.

हिशेब

बाटलीत प्रामुख्याने पाणी असते आणि त्या पाण्यासाठी प्लास्टिक, वाहतूक व जागा यांचे मोल ग्राहकच भरतो. शिवाय तळहातावर जेल ओतताना हात सैल सुटतो. घरचा खरा खर्च जाणण्याची रीत सोपी आहे: नवी वडी किंवा बाटली काढताना तिच्यावर तारीख लिहावी, संपल्यावर दिवस मोजावेत आणि किमतीला त्यांनी भागावे. रोजचा आकडा समोर आला की जाहिरातीचा प्रभाव आपोआप ओसरतो. बहुतेक घरांत या हिशेबात वडीच स्वस्त ठरते.

आणि खर्च कमी करण्याचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे कमी वापरणे. त्वचारोगतज्ज्ञही कोरड्या त्वचेच्या माणसांना हेच सांगतात: साबण काखा, जांघा आणि पावले येथे लावावा, हातपाय, पाठ, पोट यांना बहुतेक दिवशी नुसते पाणी पुरते. पाणी कोमट असावे, स्नान पाच-दहा मिनिटांत आटोपावे, अंग टॉवेलने टिपावे आणि ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावावे. व्रताच्या दिवसांत साबणाचा त्याग करणाऱ्या अनेकांना त्वचा उलट मऊ झाल्याचा अनुभव येतो, त्याचे कारण हेच. भोगोपभोगाला परिमाण घालण्याची जी शिकवण श्रावकाला दिलेली आहे, ती त्वचेच्याही हिताची आहे.

मग वडी की जेल? हलके पाणी आणि निरोगी त्वचा असलेल्या घराने वनस्पती तेलाची साधी वडी निश्चिंतपणे वापरावी. जड पाणी, वार्धक्य, इसब किंवा थंडीतील खाज असेल तेथे सिंडेट वडी किंवा सौम्य, सुगंधरहित जेल आणावे. दोन्ही ठिकाणी वेष्टन वाचावे आणि दोन्ही ठिकाणी थोडेच वापरावे.

त्या नातीने अखेर धीर करून आजीला खरे ते सांगितले, तर बहुधा आजी रागावणार नाही. प्रतिक्रमणात अजाणता घडलेल्या दोषांचीही आलोचना असतेच. ती डबा बाजूला ठेवील आणि म्हणेल, "नकळत झालं, बाळा. आता पुढचा साबण तू वाचून आण."